प्रौढ सरड्याच्या मेंदूत नवे न्यूरॉन: जन्मतात कुठे, पोचतात कसे?

रानजाई

सरडा किंवा पाल म्हटलं की तुटून पुन्हा येणारी शेपूट सगळ्यांना आठवते. त्याच प्राण्याच्या डोक्यात आयुष्यभर जे चालू असतं त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतेय. पूर्ण वाढ झालेल्या सरड्याच्या मेंदूत नवे न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी, तयार होतात, जन्मल्या जागेपासून निघतात, ठरलेल्या थरात जाऊन बसतात आणि तिथल्या जाळ्यात सामील होतात. मी प्राणिशास्त्र शिकवते. हा विषय वर्गात काढला की मुलं हमखास विचारतात, "पण मॅडम, न्यूरॉन तर पुन्हा तयार होत नाहीत ना?" पाठ्यपुस्तकातलं ते एक वाक्य डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं.

यावर सगळ्यात चिकाटीनं काम झालं ते स्पेनमधल्या वॅलेन्सिया विद्यापीठात. कार्लोस लोपेझ-गार्सिया, होसे मान्वेल गार्सिया-वेर्दुगो, एनरिके फोंत ही त्यातली ठळक नावं. त्यांचा प्राणी म्हणजे पोडार्सिस हिस्पानिका, तिकडच्या दगडी भिंतींवर ऊन खात बसणारा, वीतभरही न भरणारा साधा सरडा.

या सरड्याच्या मेंदूचा पुढचा भाग आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दोन्ही बाजूंना एकेक पोकळी दिसते. पोकळीच्या भिंतीला आतून पेशींचं दाट अस्तर असतं. उगम तिथे आहे. या अस्तरातल्या काही पेशींचा आकार फार वेगळा असतो. पेशीचं अंग पोकळीच्या कडेला, आणि त्यातून निघालेला एक लांब, बारीक तंतू थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाला टेकलेला. या रेडियल ग्लिया. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत त्या गर्भावस्थेत असतात आणि मेंदू बांधून झाला की बहुतेक ठिकाणी त्यांचं ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींमध्ये रूपांतर होतं. सरड्यात मात्र त्या प्रौढपणीही तशाच टिकून असतात. माझ्या मते या विषयाचा सगळा गाभा यात आहे. नवी पेशी देणारी तीच, आणि त्या पेशीला वाट देणारीही तीच.

आता प्रवास. सरड्याच्या मिडियल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे पुढच्या मेंदूच्या मध्यरेषेकडच्या भागात, तीन थर असतात: बाहेर तंतूंचा, मधे न्यूरॉनांचा दाट पट्टा, आत पुन्हा तंतूंचा. अस्तरात जन्मलेल्या पेशीला हा आतला तंतूंचा थर ओलांडून मधल्या पट्ट्यात शिरायचं असतं. पेशीवर खूण करून वेगवेगळ्या दिवशी मेंदू तपासला तर सुरुवातीला खुणेच्या पेशी अस्तरातच दिसतात, आठवडाभरानं बऱ्याच जणी आतल्या थरात वाटेवर असतात, आणि महिन्याच्या आसपास मधल्या पट्ट्यात बसलेल्या सापडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाटेवरची पेशी चटकन ओळखू येते: लांबट अंग, दोन्ही टोकं निमुळती, गडद केंद्रक, भोवती पेशीद्रव्य अगदी थोडं, आणि रेडियल ग्लियाच्या तंतूला बिलगलेली.

सगळ्याच पेशींची वाट इतकी सरळ आणि जवळची नसते. वासाचं काम करणारा ऑल्फॅक्टरी बल्ब मेंदूच्या पार पुढे असतो. तिथले बरेच नवे न्यूरॉन बरेच मागे, पोकळीच्या भिंतीत जन्मतात आणि पृष्ठभागाला समांतर असं लांबचं अंतर कापून पुढे येतात. कासवांत हे १९९७ साली वॅलेन्सियाच्याच गटानं दाखवलं. उंदरातही हुबेहूब अशी पुढे जाणारी वाट आहे, त्यामुळे ही व्यवस्था फार जुनी असावी.

विचारा, भर घाला.

माडबाग

रानजाईताई, मी बार्देशचा. तुमचं वर्णन वाचून आमच्या माडांवर चढणारा पाडेली डोळ्यांसमोर आला, खोडाला बिलगून थेट वर. एकच शंका. शेपूट तुटली की ती परत आणायला सरड्याच्या अंगात धावपळ सुरू होत असणार. मेंदूतली ही निर्मिती त्याच धावपळीचा भाग आहे का? म्हणजे शेपूट गमावलेल्या पालीच्या मेंदूत जास्त न्यूरॉन तयार होतात का?

बर्फातला_मराठी

याचं थेट उत्तर आहे. आमच्या इथे ओंटारियोत, ग्वेल्फ विद्यापीठात, लेपर्ड गेकोवर नेमकं हेच तपासलं गेलं. मॅकडोनाल्ड आणि विकॅरियस यांचा शोधनिबंध, २०१८. शेपूट तुटते तेव्हा शेपटीतला मज्जारज्जूही तुटतो. तरी मेंदूच्या मिडियल कॉर्टेक्समधल्या पेशीविभाजनाच्या वेगात लक्षणीय फरक पडला नाही. मेंदूतलं काम रोजचं, शेपटीचं काम प्रसंगाचं.

याच अभ्यासात अस्तरातून मिडियल कॉर्टेक्सपर्यंत पोचायला सुमारे ३० दिवस लागतात असं दिसलं, आणि नवे न्यूरॉन किमान १४० दिवस टिकले होते. ताईंनी वर पोडार्सिसबद्दल जे लिहिलंय त्याच्याशी हे किती जुळतं बघा, आणि हे दोन प्राणी सरड्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांतले. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिलीय ती मला महत्त्वाची वाटते. सरड्यांच्या ६,३०० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्याच या दृष्टीनं तपासल्या गेल्या आहेत.

रानजाई

वा, फार नेमकी भर. माडबाग, तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजूही सांगते, मला ती विलक्षण वाटते. नव्या शेपटीत मणके येत नाहीत, कूर्चेची नळी येते. तिच्या आत मज्जारज्जूचं अस्तर वाढत जातं, वरून खाली येणारे तंतूही त्यात शिरतात, पण नवे न्यूरॉन जवळपास नसतात. नव्या शेपटीच्या स्नायूंना चेता पुरवण्याचं काम तुटलेल्या जागेच्या वरचे, मूळचे भाग करतात. म्हणजे जो प्राणी मेंदूत सहज न्यूरॉन तयार करतो, तोच शेपटीत ते करत नाही. पुनर्निर्मितीची क्षमता सबंध प्राण्याची म्हणून मोजता येत नाही, जागेनुसार पाहावी लागते.

स्लाइडवाली

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करते, म्हणून माझा प्रश्न पद्धतीबद्दल आहे, आणि तो मला अगदी मनापासून महत्त्वाचा वाटतो. पेशीवर खूण केली म्हणजे काय केलं? बहुतेक ठिकाणी ब्रोमोडीऑक्सियुरिडिन, आम्ही म्हणतो बीआरडीयू, टोचतात. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची प्रत काढते तेव्हा थायमिडिनच्या जागी ते आत घेते. नंतर अँटिबॉडी लावली की केंद्रक रंगून दिसतं. पण डीएनएची दुरुस्ती करणारी पेशीसुद्धा थोडंफार घेऊ शकते. पेशी पुन्हा पुन्हा विभागली तर खूण फिकी होत जाते. शिवाय रंगलेली पेशी न्यूरॉन आहे की ग्लिया, म्हणजे न्यूरॉनांना आधार देणारी पेशी, हे त्या एका रंगावरून कळत नाही. आमच्याकडे एकाच मार्करवर (पेशी ओळखण्याच्या खुणेवर) कुणी निदान लिहून दिलं तर सही करताना हात थांबतो. मग इथे "नवा न्यूरॉन" असं ठामपणे कशावरून म्हणतात?

रानजाई

हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी फार इच्छा होती. या क्षेत्राचा अर्धा इतिहास याच शंकेभोवती फिरतो.

१९६० च्या दशकात जोसेफ आल्टमन यांनी किरणोत्सारी थायमिडिन वापरून प्रौढ उंदरांत नव्या पेशी दाखवल्या. गोपाल दास यांच्याबरोबरचा हिप्पोकॅम्पसवरचा, म्हणजे आठवणींशी संबंधित भागावरचा, त्यांचा निबंध १९६५ चा. तेव्हा नेमका तुमचाच आक्षेप घेतला गेला: या ग्लिया कशावरून नाहीत? त्या कामाकडे पुढे कितीतरी वर्षं दुर्लक्ष झालं, आणि मला ते आजही खटकतं. फर्नांदो नोटेबोम यांनी १९८० च्या दशकात कॅनरी पक्ष्याच्या गाण्याशी संबंधित भागात नवे न्यूरॉन दाखवले, तेव्हा वारं फिरायला लागलं.

सरड्यांच्या बाबतीत वॅलेन्सियाच्या लोकांनी पुरावा बऱ्याच बाजूंनी उभा केला. खुणेची तीच पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन तिची अंतर्रचना न्यूरॉनची आहे का ते बघितलं. तिच्यावर सिनॅप्स, म्हणजे इतर न्यूरॉनांशी जोडण्या, आले आहेत का ते बघितलं. ग्वेल्फच्या अभ्यासातही खुणेबरोबर पेशींच्या प्रकारानुसार वेगळी प्रथिनं रंगवली: अस्तरातल्या पेशींत सॉक्स-२, जीएफएपी आणि व्हायमेंटिन, म्हणजे रेडियल ग्लियाची ओळख, आणि मुक्कामी पोचलेल्यांत न्यूरॉनची प्रथिनं.

आणि मला सगळ्यात पटणारा पुरावा वेगळाच आहे. ३-एसिटिलपिरिडिन नावाचं एक रसायन आहे, ते निकोटिनामाइड या ब-जीवनसत्त्वाच्या एका रूपाच्या कामात अडथळा आणतं. ते दिलं की या सरड्याच्या मिडियल कॉर्टेक्समधले न्यूरॉन मोठ्या प्रमाणात मरतात. एरवी दाट दिसणारा मधला पट्टा अक्षरशः विरळ होतो. मग अस्तरातलं विभाजन वाढतं, आतला थर वाटेवरच्या पेशींनी भरतो, आणि काही आठवड्यांत पट्टा पुन्हा दाट होतो. फोंत आणि सहकाऱ्यांचा यावरचा निबंध १९९१ चा. एवढ्या मोठ्या संख्येनं न्यूरॉन गेले आणि परत आले, हे साध्या रंगवलेल्या छेदातही दिसतं. इथे एका मार्करच्या भरवशावर राहावं लागत नाही.

स्लाइडवाली

हे पटलं. पट्टा रिकामा होऊन भरताना दिसत असेल तर माझी हरकत नाही. तरी रोजच्या, इजा नसलेल्या निर्मितीचे आकडे वाचताना मी मार्कर कोणता आणि पेशी किती दिवसांनी तपासल्या, हे आधी बघेन. इतरांनाही हेच सुचवेन.

जळगावकर_२

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. सरडा स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. मग थंडीत हे सगळं काम थांबतं का?

अवांतर: बर्फातला_मराठी यांनी लेपर्ड गेको लिहिलंय, त्याच प्रजातिसमूहातला युब्लेफारिस फस्कस हा आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत आढळतो. रात्री हिंडणारा, अंगावर ठिपके, जाडसर शेपटी. पूर्ण बिनविषारी आहे. लोक विषारी समजून मारतात, कृपया मारू नका. आमच्या भागात मी बऱ्याच जणांना हे समजावून सांगतो.

रानजाई

अवांतर अजिबात नाही, उलट आभार.

थंडीचं उत्तर सुंदर आहे. लोपेझ-गार्सिया यांच्या गटानं १९९७ साली सरड्यांसाठी दिवसाची लांबी आणि तापमान या दोन गोष्टी बदलून पाहिल्या. दिवस लहान केला की विभाजन मंदावतं. तापमान खाली नेलं की तयार झालेल्या पेशींचं पुढे सरकणं अडतं, त्या अस्तराजवळच राहतात. म्हणजे जन्म आणि प्रवास या दोन पायऱ्यांवर ऋतूचा वेगवेगळा ताबा आहे. उरुग्वेत कासवाच्या पिल्लांवर झालेल्या कामातही (२००३) उबदार पाण्यात मेंदू आणि मज्जारज्जू दोन्हीकडचं विभाजन वाढलेलं दिसलं. टेनेरिफे बेटावरच्या गॅलोटिया सरड्यांतही ऋतूप्रमाणे फरक नोंदवलाय.

म्हणून एखाद्या शोधनिबंधात "या जातीत नवे न्यूरॉन कमी सापडले" असं वाचलं तर प्राणी कोणत्या महिन्यात पकडले होते आणि कुठल्या तापमानात ठेवले होते, ते आधी बघावं. नाहीतर जातीचा फरक समजून आपण ऋतूचा फरक वाचत बसतो.

निशिगंध

मी इथे फक्त वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. माझ्या आईला अल्झायमर आहे. ती कधीकधी मला मावशी समजते. धागा वाचताना एकच विचार मनात येत राहिला: सरड्याच्या मेंदूत गेलेले न्यूरॉन परत येतात, तर आपल्यात का नाही? प्रश्न भाबडा असेल तर माफ करा.

बर्फातला_मराठी

निशिगंधताई, प्रश्न भाबडा नाही. याच प्रश्नावर जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा एकमेकींशी वाद घालताहेत. तुमच्या आईंसाठी आज याचा उपचार म्हणून उपयोग नाही, हे आधी सरळ सांगतो, कारण "मेंदूत नव्या पेशी वाढवा" म्हणून गोळ्या आणि पावडरी विकणारे खूप आहेत आणि त्यांच्या नादी लागू नये.

आता शास्त्र. सरड्याचा मिडियल कॉर्टेक्स आणि आपला हिप्पोकॅम्पस हे एकाच मूळ भागाचे वंशज. आठवणी साठवताना जो भाग लागतो तोच. दोन्हींत जस्त बाळगणारे तंतू असतात. २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदूसंशोधन संस्थेतल्या मारिया अँतोनिएत्ता तोस्केस आणि जिल लोराँ यांच्या गटानं कासव आणि बिअर्डेड ड्रॅगन सरडा यांच्या एकेका पेशीतली जनुकं वाचून हे नातं आणखी पक्कं केलं.

माणसात १९९८ साली एरिकसन, गेज आणि सहकाऱ्यांनी, ज्यांना आजारपणात बीआरडीयू दिलं गेलं होतं अशा कर्करुग्णांच्या मृत्यूनंतर हिप्पोकॅम्पस तपासला, तर खुणेचे न्यूरॉन सापडले. २०१३ साली फ्रिसेन यांच्या गटानं अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचं वय काढलं. त्यांच्या अंदाजानुसार प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नवे न्यूरॉन येतात. उलट २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये सोरेल्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की बालपणानंतर ही निर्मिती झपाट्यानं घटते आणि प्रौढांत ती सापडत नाही. लक्षात घ्या, या निबंधाच्या लेखकांत गार्सिया-वेर्दुगो आहेत, ज्यांनी सरड्यांत ही निर्मिती दाखवण्यात एवढी वर्षं घालवली तेच. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या गटानं, मृत्यूनंतर ऊती लवकर आणि नीट जतन केल्या तर प्रौढांत कोवळे न्यूरॉन दिसतात आणि अल्झायमरमध्ये ते घटलेले दिसतात, असं मांडलं. वाद अजून चालू आहे.

रानजाई

निशिगंध, तुमच्या "का नाही" याला माझ्याकडून थोडी जोड. आपल्यात दोन गोष्टींची अडचण आहे. रेडियल ग्लिया लहानपणीच बहुतेक ठिकाणी संपतात, म्हणजे जन्म देणारीही गेली आणि वाटही गेली. पोकळीच्या कडेला त्यांच्याच वंशातल्या काही पेशी सस्तन प्राण्यांत उरतात, पण त्यांची पोच थोड्याच भागांपर्यंत असते. दुसरं, सरड्याचं कॉर्टेक्स इतकं पातळ असतं की अस्तर ते पट्टा हे अंतर अगदी थोडं. माणसाच्या मेंदूत तेच अंतर कितीतरी पट आणि मधे तंतूंची गर्दी. नुसती नवी पेशी तयार करून भागणार नाही, ती पोचवावी लागेल. सरड्यांतला प्रवास बारकाईनं समजून घेण्याचं मोल मला इथे दिसतं.

आईंची काळजी घ्या, आणि स्वतःचीही. घरातल्या माणसाच्या वाट्याला काय येतं ते मी जवळून पाहिलंय.

निशिगंध

दोघांचेही आभार. "पोचवावी लागेल" हे वाक्य समजलं. निदान आता बातम्या वाचताना काय विचारायचं ते कळेल.

मोजपट्टी

मूलभूत शंका. आयुष्यभर न्यूरॉन वाढतच राहिले तर मेंदू फुगत नाही का? की जितके येतात तितके मरतात?

रानजाई

सरड्यांच्या मिडियल कॉर्टेक्समध्ये दोन्ही चालतं. काही भर पडते, वयाबरोबर संख्या वाढते, आणि काही जुन्यांच्या जागी नवे येतात. सरपटणारे प्राणी प्रौढ झाल्यावरही अंगानं सावकाश वाढत राहतात, तेव्हा मेंदूत जागा होतेच.

पण हा नियम सगळ्यांना लावू नका. नाईल मगरीवर २०१६ साली न्ग्वेन्या, मँगर, हर्क्युलानो-हूझेल यांनी मोजणी केली. पिल्लापासून अजस्र मगरीपर्यंत मेंदू वाढत जातो, पण त्यासाठी न्यूरॉनांच्या संख्येत भर पडलीच पाहिजे असं नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच गटानं २०१८ मध्ये डबलकॉर्टिन या प्रथिनाचा माग काढून मगरीच्या पुढच्या मेंदूत आणि अनुमस्तिष्कात कोवळ्या न्यूरॉनांची शक्यता दाखवली. डबलकॉर्टिन हे सरकणाऱ्या कोवळ्या न्यूरॉनांत असतं. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत.

माडबाग

आणि या नव्या न्यूरॉनांचा सरड्याला उपयोग काय? जंगलात राहणाऱ्याला कशाची आठवण ठेवायची असते?

बर्फातला_मराठी

हद्दीची! अमेरिकेतल्या उटा स्टान्सबुरियाना या सरड्यात नर तीन रंगांच्या गळ्यांचे असतात. नारिंगी गळ्याचे मोठी हद्द राखतात, निळे लहान हद्द, आणि पिवळे हद्द न राखता चोरून मादीपर्यंत पोचतात. लाडेज, प्रावोसुदोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की नारिंगी नरांचा डॉर्सल कॉर्टेक्स (मिडियल कॉर्टेक्सच्या शेजारचा, वरच्या बाजूचा भाग) पिवळ्यांपेक्षा मोठा असतो. पुढे त्यांनी हद्द राखणं, राहण्याची जागा आणि नव्या न्यूरॉनांची निर्मिती यांचा संबंध तपासायला सुरुवात केली. जागा लक्षात ठेवण्याशी या भागांचं नातं आहे हे नक्की. एकेका नव्या न्यूरॉनचं काम काय, हा मात्र अजून उघडा प्रश्न आहे.

एमएस्सी_प्रथमवर्ष

रानजाई मॅडम, मला प्रकल्पासाठी घरातल्या पालीवर हे करता येईल का? घरात भरपूर आहेत.

रानजाई

उत्साह आवडला, पण घरच्या पाली धरू नकोस. जिवंत प्राण्यावर काही करायचं तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि बीआरडीयू हा विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत शिरणारा पदार्थ आहे, तो प्रशिक्षणाशिवाय हाताळायचा नसतो. भारतीय पालीच्या मेंदूवर काम आधीच झालेलं आहे. अलाहाबाद विद्यापीठात हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिविरिडिसच्या कॉर्टेक्समधल्या न्यूरॉनांचे आकार गॉल्जी पद्धतीनं रंगवून नोंदवलेत. तिथून सुरू कर. तुमच्या विभागात सरड्याच्या मेंदूच्या जुन्या स्लाइड असतील तर साध्या निस्सल रंगातही तीन थर, पोकळी आणि अस्तर स्वच्छ दिसतं. अस्तर कुठे जाड आहे आणि कुठे पातळ, हे मोजून नकाशा काढलास तरी चांगला प्रकल्प होईल. जाड अस्तर आणि जास्त विभाजन बहुतेक एकाच जागी सापडतं, मिडियल कॉर्टेक्सजवळच्या खाचेत तर नक्कीच.

जळगावकर_२

शेवटचं एक: साप?

बर्फातला_मराठी

हो, सापांतही. कॅनडातल्या मॅनिटोबात लालपट्टी गार्टर साप हजारोंनी एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात बिळातून बाहेर येताच मीलन करतात. मेन, पॉवर्स आणि लटरश्मिट यांनी २०१४ मध्ये याच सापांच्या मेंदूतलं पेशीविभाजन आणि पेशींचं सरकणं ऋतूनुसार तपासलं. तुम्ही थंडीबद्दल विचारलं होतंत. त्यासाठी याहून योग्य प्राणी मिळणं कठीण, कारण वर्षातले कितीतरी महिने हा साप जमिनीखाली थंडीत असतो. निबंध मिळवून वाचा, आणि वाचलात की त्यातल्या ऋतूंच्या तुलनेबद्दल इथेच लिहा, त्यावर सविस्तर बोलू.